चहाडी की साक्ष?

गळ्यात माळ पडली की काही नेम आपोआप अंगावर येतात. एकादशी धरावी, वारी चुकवू नये, परधनाला हात लावू नये, खोटे बोलू नये, परनिंदा करू नये. हे नेम सहसा एकमेकांना धरून चालतात. पण प्रपंचात कधी असा प्रसंग येतो की यातले शेवटचे दोन एकमेकांच्या वाटेत उभे राहतात. खरे बोलावे तर दुसऱ्याचे उणे चव्हाट्यावर येते. गप्प राहावे तर खोट्याखाली आपलीही मूक सही होते. अशा वेळी साधकाने काय करावे, याचा विचार येथे करायचा आहे. प्रश्न दिसायला लहान आहे. पण मोठ्या धर्मसंकटाचे प्रसंग आयुष्यात एकदोनदा येतात, आणि हजेरीच्या वहीचा प्रसंग रोज येतो. चित्त घडते ते रोजच्या प्रसंगांनी.

एका जिल्ह्याच्या गावी सरकारी रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका माळकरी भगिनीने हा प्रश्न एकादशीच्या भजनानंतर विचारला. तिच्या वॉर्डात रात्रपाळीला एक कक्षसेवक असतात. वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना मामा म्हणतात. मामा रात्री नऊला येतात, यंत्रावर अंगठा लावतात, अकराच्या सुमारास निघून जातात आणि पहाटे सहाला परत येतात. सकाळी जाताना पुन्हा अंगठा लावतात. मधल्या वेळात ते रिक्षा चालवतात. मुलगी इंजिनिअरिंगला आहे, फी भरायची आहे. कागदावर त्यांची रात्र पूर्ण भरते. वॉर्डात मात्र रुग्णाला कुशीवर वळवायचे असो, ऑक्सिजनचा सिलेंडर हलवायचा असो, कुणाला स्ट्रेचरवरून एक्स-रेला न्यायचे असो, ते काम ही भगिनी रुग्णाच्या नातेवाइकांना हाताशी धरून करते. ज्या म्हाताऱ्याजवळ कुणी नातेवाईक नाही, तो सकाळपर्यंत ओल्या चादरीवर पडून राहतो.

ती म्हणाली, "मामा माणूस म्हणून वाईट नाहीत हो. मी नवीन असताना एक दारू प्यालेला नातेवाईक माझ्या अंगावर धावून आला होता. तेव्हा मामाच मध्ये उभे राहिले. त्यांच्याविरुद्ध मी कागद द्यायचा? आणि नाही द्यायचा, तर रात्रीच्या वहीत 'कर्मचारी हजर' असे लिहून खाली माझी सही असते, तिचे काय? माउली, ही चहाडी होईल का, तेवढे सांगा."

तेवढेच सांगता येत नाही. म्हणून जरा सावकाश जाऊ.

पहिल्यांदा दोष नेमका कुठे आहे ते पाहू. उशिरा येणे हा एक दोष आहे आणि वेळेवर आलो असे खोटे नोंदवणे हा दुसरा. उशिरा आलेल्या माणसाच्या नावापुढे लाल खूण पडली आणि त्याने ती मान खाली घालून मान्य केली, तर त्याचा उशीर झाला एवढेच. त्याचे खरेपण शाबूत राहिले. कायदासुद्धा उशिराकडे बऱ्यापैकी समजुतीने पाहत आला आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने असा दंडक घातला की गैरहजेरीसाठी पगार कापायचा तो गैरहजेरीच्या वेळेच्या प्रमाणातच. अर्धा तास नव्हता तर अर्ध्या तासाचा, जास्त नाही. लबाडीची गोष्ट मात्र वेगळी. १९४६ च्या औद्योगिक नोकरी स्थायी आदेश कायद्याखाली जे नमुना आदेश तयार झाले, त्यांत मालकाच्या कामात केलेली चोरी, फसवणूक आणि अप्रामाणिकपणा ही गैरवर्तनाच्या यादीत होती, आणि अशा गैरवर्तनाला नोकरी जाण्यापर्यंत शिक्षा होती. हा कायदा कारखान्यांचा, रुग्णालयाचे नियम वेगळे. पण हिशोब सगळीकडे सारखाच बसतो. खरे लिहिले तर थोडा पगार जातो. खोटे सापडले तर पोटच जाते. खोटे लिहिणाऱ्याला हे कुणी आपुलकीने सांगितलेले असते का, हा प्रश्न इथेच मनात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

दुसरी गोष्ट, नुकसान कुणाचे? नोकरदार माणूस पटकन म्हणतो, "सरकारचे जाते, माझे काय जाते? कंपनी कोट्यवधी कमावते, अर्ध्या तासाने ती बुडणार आहे का?" आधी अर्ध्या तासाचाच हिशोब करू. रोजचा अर्धा तास, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे साडेबारा तास. वर्षाचे दीडशे. आठ तासांची पाळी धरली तर जवळजवळ एकोणीस पाळ्या. मामांचे तर एका रात्रीचे सात तास. महिन्याला दहा रात्रपाळ्या धरल्या तर सत्तर तास. हे तास हवेत विरत नाहीत. ते कुणाच्या तरी पाठीवर जाऊन बसतात.

हे आपल्याला पुस्तकातून शिकायला नको. अखंड हरिनाम सप्ताहात वीणेचा पहारा लागतो. फळ्यावर नावे लिहिलेली असतात, कुणाचा पहारा किती वाजता ते ठरलेले असते. वीणा खाली ठेवायची नाही, हा दंडक. पहाटे तीनचा पहारेकरी आला नाही तर एकचा पहारेकरी वीणा घेऊन तसाच उभा राहतो. तीन वाजतात, साडेतीन होतात, पाय भरून येतात, तरी तो उभा. न आलेल्याने देवाचा वेळ चुकवला असे आपण म्हणतो. खरे तर त्याने त्या उभ्या असलेल्या माणसाचे पाय वापरले. वीणा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते म्हणून हे दिसते. रुग्णालयात आणि कारखान्यात ते दिसत नाही, कारण तिथे ओझे कुणाकडे गेले हे यंत्र लिहीत नाही. अंगठ्याला एवढेच कळते की माणूस येऊन गेला.

आता खरा अवघड भाग. आपल्या मनाला क्षमा आवडते. "जाऊ द्या, देव पाहील" हे वाक्य आपल्या तोंडी सहज येते आणि त्यात भूतदयाही असते. पण क्षमा करण्याचा अधिकार कुणाचा, हे पाहिले पाहिजे. तुकोबारायांच्या घरी सावकारी होती. लोकांकडून येणे असलेल्या कर्जाचे कागद त्यांनी इंद्रायणीत बुडवले, ही गोष्ट आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकतो आणि ऐकताना डोळे भरून येतात. पण त्या गोष्टीतला एक बारकावा चरित्रकार आवर्जून सांगतात आणि आपण तो विसरतो. तुकोबांनी कागदांच्या वाटण्या केल्या. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला आणि फक्त आपला वाटा पाण्यात सोडला. एवढ्या मोठ्या वैराग्याच्या क्षणीसुद्धा भावाचे येणे आपल्या हाताने माफ केले नाही. जे आपले आहे ते सोडून देणे हे औदार्य. दुसऱ्याचे सोडून देणे म्हणजे त्याच्या खिशातून केलेले दान.

हा बारकावा भगिनीच्या प्रश्नाला लावून पाहू. मामांच्या वाट्याचे काम तिने स्वतः केले, स्वतःची कंबर मोडली, ते तिने माफ केले तर तो तिचा अधिकार आहे. उलट ती त्यांची परतफेडही होईल. पण ओल्या चादरीवर पडलेल्या म्हाताऱ्याची रात्र माफ करण्याचा अधिकार तिला नाही. तो म्हातारा तिला विचारून तिथे पडलेला नाही. तेव्हा "मी मोठ्या मनाने गप्प बसते" असे म्हणताना मन कुणाचे आणि भोगतो कोण, हे पाहावे.

याच्या उलट बाजूलाही तितकाच धोका आहे, म्हणून तीही पाहू. सांगणाऱ्याचे हात स्वच्छ आहेत का? ड्युटीवर मोबाइल पाहणारे, चहाला म्हणून जाऊन तासाने येणारे आपणही असतो. आणि अधिकाऱ्यांचे काय? शिपायाला यंत्रावर अंगठा, आणि साहेब 'मीटिंगला' गेले की कुठे गेले हे विचारायचे नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, तशातलाच हा प्रकार. गरिबाचा अर्धा तास सापडतो आणि मोठ्यांचे दिवस सापडत नाहीत, हा अन्याय खरा आहे. पण या अन्यायामुळे ओली चादर कोरडी होत नाही. साहेब चुकतो म्हणून कक्षसेवकाने चुकावे, असे म्हटले तर त्या म्हाताऱ्याला दोघांनीही सोडले. या आक्षेपाचा उपयोग एवढाच की सांगणाऱ्याने आवाज खाली ठेवावा, आणि साहेबाचे तसेच दिसले तर तिथेही तोंड उघडण्याची तयारी ठेवावी. केवळ खालच्यावरच ज्याची सत्यनिष्ठा चालते, त्याने ती तपासून घ्यावी.

मग आपल्याला नक्की काय माहीत आहे, हा प्रश्न येतो. नाथमहाराजांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. देवगडावर जनार्दनस्वामींकडे असताना हिशोबात एका पैची चूक राहिली. नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले आणि ती सापडली तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. कीर्तनकार या गोष्टीतून एकाग्रता शिकवतात आणि ते बरोबरच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. एक पै कमी पडली तेव्हा नाथांनी कुणावर बोट ठेवले नाही. आधी आपलीच वही उलटून पाहिली. आपल्यालाही तसेच करावे लागते. मामा अकराला जातात हे मी पाहिले की ऐकले? त्यांना वरिष्ठांनी तोंडी परवानगी दिलेली नसेलच कशावरून? घरी कुणी आजारी असेल आणि त्यासाठी पाळीत अदलाबदल झाली असेल, तर? अशा कित्येक 'लबाड्या' चौकशी केल्यावर साध्या सवलती निघतात. न तपासता बोललेले खरे निघाले तरी ती निंदाच होती; फक्त नशिबाने खरी ठरली.

तपासल्यावरही दोष उभा राहिला, तर पुढे पायऱ्या आहेत, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडून लोक दोन टोके गाठतात. एक तर शेवटपर्यंत मिठाची गुळणी धरतात, नाहीतर एकदम साहेबाच्या केबिनमध्ये जातात. मधली वाट चालायला कठीण, म्हणून ती मोकळी पडलेली असते.

पहिली पायरी, आपला हात त्यात नको. दुसऱ्याचे कार्ड पंच करू नये, दुसऱ्याची सही करू नये, गैरहजर माणूस हजर लिहू नये. मैत्री, उपकार, नाते कशाहीसाठी नको. इथे तडजोड नाही, कारण हे दुसऱ्याचे पाप सांगण्याबद्दल नाही. आपले खोटे थांबवण्याबद्दल आहे.

दुसरी पायरी, त्या माणसाशी एकांतात बोलणे. चारचौघांत नाही, टोमणा मारून नाही, व्हॉट्सॲपच्या गटावर सुविचार टाकून तर नाहीच. "मामा, तुमच्या मागे मला रात्री एकटीला होत नाही. पेशंटचे हाल होतात. आणि कुणी पकडले तर मुलीचे शिक्षण अर्ध्यावर राहील." एवढे बोलायला जितके धैर्य लागते तितके तक्रारीच्या अर्जाला लागत नाही. म्हणूनच लोक अर्ज करतात. मघाशी मनात ठेवलेला प्रश्न इथे लागतो. त्या माणसाला त्याच्या खोट्याची खरी किंमत कुणी आपुलकीने सांगितली आहे का? सांगितली नसेल तर वर सांगण्याआधी त्याला सांगणे हा त्याचा हक्क आहे.

तिसरी पायरी, विचारले तर खोटे न बोलणे, आणि आपण खोटे बोलणार नाही हे त्याला आधी सांगून ठेवणे. मागून वार नको.

चौथी पायरी, आपण होऊन वर जाऊन सांगणे. ही प्रत्येक प्रसंगी लागत नाही. कुणी महिन्यातून दोनदा मुलाला शाळेत सोडायला म्हणून दहा मिनिटे उशिरा येतो आणि संध्याकाळी ती भरून काढतो, त्याच्यासाठी वर धावणे हा विवेक नव्हे. पण जिथे दुसऱ्याच्या जिवाला किंवा देहाला धोका आहे, आणि सांगूनही माणूस ऐकत नाही, तिथे गप्प बसण्याचा अधिकार उरत नाही. काही ठिकाणी तर आधीच्या पायऱ्यांनाही वेळ नसतो. साखर कारखान्याच्या बॉयलरवर प्रमाणपत्र असलेला माणूस हजर पाहिजे असे कायदा सांगतो, कारण पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे कुणाचे लक्ष नसले तर बॉयलर फुटू शकतो. तो माणूस हजेरी लावून घरी झोपायला गेला असेल तर त्याच्याशी एकांतात कधी बोलावे याचा विचार करत बसू नये. त्याच घटकेला पाळीच्या प्रमुखाला उठवावे.

वर सांगताना जीभ कशी ठेवावी? जे पाहिले ते, ज्या दिवशी पाहिले त्या दिवशीचे, तेवढेच. "तो माणूसच तसला आहे" हे वाक्य साक्षीत बसत नाही. कारण ठाऊक असेल तर कारणही सांगावे. मुलीची फी हेही सत्याचाच भाग आहे. आणि खाली आपले नाव असावे. सूड घेतला जाईल अशी खरीखुरी भीती असेल तेव्हाची गोष्ट निराळी, पण एरवी निनावी पत्र टाकणाऱ्याने स्वतःला विचारावे की हे माझ्या सख्ख्या भावाबद्दल असते तर मी लिहिले असते का, आणि लिहिताना मला आतून कुठे गोड वाटते आहे का. गोड वाटत असेल तर चार दिवस थांबावे. शिक्षा काय द्यायची हे आपल्या हाती नाही, हेही ध्यानात ठेवावे. सरकारी नोकरांच्या शिस्तीचे १९७९ चे नियम साध्या ठपक्यापासून बडतर्फीपर्यंत शिक्षेच्या पायऱ्या सांगतात आणि आरोप असलेल्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी देतात. आपण सांगितले म्हणजे आपण कुणाला फाशी दिली, असे मनाने घेऊ नये. पण शिक्षा अपराधाच्या मानाने फार मोठी होत आहे असे दिसले, तर तेही त्याच तोंडाने बोलून दाखवावे. ज्याने दोष सांगितला त्याच्या तोंडची रदबदली जास्त ऐकली जाते.

यावरून चहाडी आणि साक्ष यांतला भेद आपोआप दिसतो. चहाडी ज्याला सुधारता येत नाही त्याच्या कानात होते, साक्ष ज्याच्याकडे उपाय आहे त्याच्यापुढे होते. चहाडीत ऐकणाऱ्याची मर्जी हवी असते, साक्षीत ती गमावण्याची तयारी असते. या मापाने पाहिले तर सर्वांत मोठी चहाडी साहेबाच्या केबिनमध्ये होत नाही, ती चहाच्या टपरीवर होते. मामांचे सगळे रुग्णालयाला माहीत होते. टपरीवर रोज त्यावर हसणे चालायचे. फक्त मामांना कुणी बोलले नव्हते आणि वॉर्डाच्या प्रमुखांना कुणी सांगितले नव्हते. परनिंदेचा नेम मोडला तो तिथे. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, असे आपले लोक म्हणतात. इथे तर म्हातारा अजून खाटेवर होता.

त्या भगिनीने पुढे काय केले ते सांगतो, कारण वाचकांच्या मनात ते असेल. तिने अर्ज केला नाही. एका रात्री नऊ वाजता, मामा अंगठा लावून आल्यावर, ती त्यांना म्हणाली, "मामा, उद्यापासून मी वहीत जे आहे तेच लिहिणार. तुम्ही असाल तर हजर, नसाल तर नाही. तुम्हाला न सांगता लिहायचे नव्हते, म्हणून आज सांगते." मामा चिडले. जुनी आठवण काढून दाखवली. मग आठ दिवस थांबले. नवव्या रात्री गेले. तिने लिहिले: रात्री ११ ते पहाटे ६ कक्षसेवक वॉर्डात नव्हते. तीन दिवसांनी परिसेविकांनी ते वाचून तिला बोलावले. तिने पाहिले ते सांगितले, फीचे सांगितले, आणि त्या दारुड्याचा प्रसंगही सांगितला. मामांना खुलासा द्यावा लागला, ठपका बसला, दिवसपाळी लागली. मुलीसाठी महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देते, असा निरोप तिने धाडला. मामांनी त्याला अजून उत्तर दिलेले नाही. काही जणांनी तिच्यासोबत डबा खाणे सोडले आहे. हे सगळे चांगल्यासाठीच झाले असे म्हणून मी तिचे दुःख झाकणार नाही. खरे लिहिल्यावर माणसे जवळ येतातच असे नाही.

नोकरी करणाऱ्या माळकऱ्यांनी मात्र एक करून पाहावे. रोज निजण्यापूर्वी हरिपाठ झाला की दिवसभरात कुठे कुठे सही केली, ते आठवावे. मस्टरवर, भेटवहीत, पावतीवर, अंगठ्याच्या यंत्रावर. त्यातली प्रत्येक सही आपण पाहिलेल्या गोष्टीखाली होती का, एवढेच तपासावे. दुसऱ्याच्या हजेरीचा प्रश्न येईल तेव्हा येईल. तो येईल तेव्हा ज्याच्या स्वतःच्या सह्या खऱ्या आहेत, त्याला काय करावे हे विचारायला फार लांब जावे लागत नाही.